डब्यातले चणे

आवाज तोंडानं काढून दाखवल्याशिवाय काका गाडीच्या बॉनेटला हात लावत नसत. ‘आवाज येतो’ एवढं सांगून भागायचं नाही. कसा येतो, ते आपण स्वतः काढून दाखवायचं. नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेच्या भिंतीला लागून, कडुलिंबाच्या झाडाखाली, चांगले शिकलेसवरलेले लोक भर सकाळी ‘टकटकटक’ आणि ‘घर्रर्र खट्’ करताना मी पाहिले आहेत. मी स्वतःही केलं आहे.

एकदा माझ्या आधी एक वयस्क वकीलसाहेब उभे होते. कोर्टात जायच्या तयारीत, काळा कोट हातावर.

“काहीतरी वाजतं हो खाली,” ते म्हणाले.

“काहीतरी म्हणजे कसं?” काका.

“आता कसं सांगू? वाजतं.”

“काढून दाखवा ना साहेब. मले कोर्टातलं समजत नाही, तुम्हाले इंजिनातलं समजत नाही. आपल्या दोघांच्या मधात हा आवाजच तर आहे.”

वकीलसाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. मी मान दुसरीकडे वळवली, पण कान तिकडेच ठेवले. त्यांनी आधी हळूच एक ‘झिर्र’ केलं. काका म्हणाले, “इतला बारीक?” मग साहेबांनी घसा खाकरला, छाती भरून श्वास घेतला आणि असा काही खणखणीत ‘झर्रर्रर्र’ काढला की समोरचा पोहेवाला झारा हातात धरून तसाच थांबला. काकांचा चेहरा खुलला. ते वाकले, गाडीखाली पाहिलं. सायलेन्सरच्या वरचा पत्रा सुटला होता. तारेचे दोन वेढे दिले, काम झालं. वकीलसाहेब मात्र जरा हिरमुसले. एवढा चांगला आवाज काढला आणि निघालं काय, तर पत्रा! जाता जाता त्यांनी तो आवाज स्वतःशीच आणखी एकदा काढून पाहिला.

काका मेकॅनिक आहेत हे नवख्या माणसाला खरं वाटत नसे. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, तोही इस्त्रीचा. त्यावर डाग म्हणून नाही. “डाग लागला म्हणजे समजायचं, घाई झाली,” असं ते म्हणत. सत्तरीला टेकलेला, किरकोळ अंगाचा माणूस. जाड भुवया आणि सायकल. सगळं आयुष्य गाड्यांत गेलं, पण स्वतःची गाडी कधी घेतली नाही.

त्यांचं दुकान ज्या गल्लीत होतं तिथं गाडी शिरतच नसे. दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरकावं लागे, इतकी ती गल्ली अरुंद. वडलांनी तिथं सायकलरिक्षा दुरुस्तीचं दुकान काढलं होतं, काकांनी तेच पुढं चालवलं, रिक्षा गेल्या तशा गाड्या आल्या. जागा बदलायचं कोणी सुचवलं तर ते म्हणायचे, “डॉक्टर नाही जात काय पेशंटच्या घरी?” म्हणून गाडी शाळेच्या भिंतीपाशी उभी करायची, गल्लीत जाऊन त्यांना हाक मारायची, आणि ते कापडी पिशवी घेऊन चालत यायचे. पिशवीत चार-पाच पाने, एक टॉर्च, खाली अंथरायला जुनी चादर आणि एक स्टेथोस्कोप. हा स्टेथोस्कोप धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी दिलेला. त्यांच्या गाडीचं दुखणं काकांनी शोधून दिलं, तेव्हा डॉक्टरांनी खूश होऊन गळ्यातला काढून दिला म्हणे. काकांनी त्याची चकती काढून तिथं लोखंडी सळी बसवली होती. सळीचं टोक इंजिनाला लावून ते असे ऐकत बसत की आपण आपोआप श्वास रोखून धरावा.

त्यांची दुसरी एक सवय माणसांना फार छळायची. ते एका वेळी एकच गोष्ट बदलत. गाडीत चार ठिकाणी संशय असला तरी एका ठिकाणीच हात लावायचा, आठ दिवस गाडी चालवायला सांगायची, मग पुढचं. लोक म्हणत, काका, चारही एकदाच करून टाका ना, मोकळे होऊ. काका म्हणत, “मोकळे तर होऊ. पण काहून झालो ते कसं समजन?”

हे फक्त गाड्यांपुरतं नव्हतं, हे मला काकूंनी सांगितलं. काकांना मागं कधीतरी छातीत जळजळ व्हायला लागली होती. डॉक्टरांनी गोळी दिली, ती त्यांनी कपाटात ठेवली. मग एक आठवडा सांबार बंद, म्हणजे आपली कोथिंबीर. दुसऱ्या आठवड्यात सांबार सुरू आणि लसूण बंद. मग तिखट, मग वांगं, मग तुरीची डाळ. काकू सांगताना हसत होत्या. “अकरा आठवडे मी या माणसाले येगयेगळं रांधून घातलं. शेवटी काय निघालं? चहा!”

“मग सोडला चहा?” मी विचारलं.

काकूंनी काकांकडं पाहिलं. काकांच्या हातात कप होता.

“काहून सोडू?” काका म्हणाले. “काहून होते ते समजलं ना. झालं मंग.”

मी त्यांच्याकडं पोचले ती रडकुंडीला येऊन. तेव्हा मी सावनेरच्या बाजूच्या एका गावात, ग्रामीण रुग्णालयात, लॅब टेक्निशियन होते. रक्त काढायचं, काचेच्या पट्ट्या रंगवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. नवरा चंद्रपूरला नोकरीला, शनिवारी यायचा. नागपुरात घरी माझी आई आणि पहिलीतली मुलगी. बसनं गेलं तर सकाळी पोरगी उठायच्या आधी निघावं लागे आणि परत येईतो ती पेंगुळलेली असे. म्हणून जुनी का होईना, एक छोटी गाडी घेतली. आमच्या अख्ख्या घराण्यातली ती पहिली गाडी. मागच्या काचेवर भावानं निळ्या अक्षरांत ‘जय भीम’ लिहून आणलं. आई पहिल्या दिवशी गाडीत बसली तेव्हा चप्पल हातात घेऊन बसली होती.

गाडी आल्यापासून मी संध्याकाळी पाचच्या आत घरी पोचायला लागले. मुलगी फाटकाशी उभी असायची. मी तिचा अभ्यास घ्यायची, तिच्या हातच्या वेड्यावाकड्या पोळ्या खायची. एक हिवाळा असा सुखात गेला. आणि होळीच्या सुमारास गाडीतून तो आवाज यायला लागला.

एरवी काही नाही. पण जरा वेग वाढवायला पायाखालचा पेडल दाबला, विशेषतः चढावर किंवा ट्रकच्या पुढं निघताना, की समोरून किटकिट, टिकटिक असं काहीतरी सुरू व्हायचं. पाय उचलला की बंद. कधी जास्त, कधी कमी. मी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दाखवली. टाय लावलेल्या मुलानं गाडी दहा मिनिटं फिरवली आणि सांगितलं, “मॅडम, नॉकिंग आहे. इंजिन खोलावं लागेल. गाडी तीन आठवडे इथं राहील, आणि खोलल्यावर काय निघेल ते आता सांगता येत नाही.”

भाऊ म्हणाला, विकून टाक. रुग्णालयाच्या आवारात एक क्वार्टर रिकामं होतं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, तू ते घे, एक एप्रिलपासून तुझ्या नावावर करते. मी हो म्हणून आले. घरी सांगितलं तेव्हा आईनं माळ्यावरची जुनी पेटी काढून पुसून ठेवली. मुलीनं एवढंच विचारलं, “तिथं मले पण नेशील?” तिची शाळा इथं होती.

काकांचं नाव मला आमच्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनं सांगितलं. “खोलायच्या आधी एकदा त्यायले ऐकवा मॅडम,” तो म्हणाला.

पहिल्याच रविवारी मी त्या कडुलिंबाखाली उभी राहिले. काकांनी गाडीला एक चक्कर मारली, मागची काच वाचली, “जय भीम, पोरी,” म्हणाले, आणि लगेच, “काढ.”

“काय?”

“आवाज.”

मी किटकिट केलं. नाही जमलं. टिकटिक केलं. तेही नाही. “लाजून राहिली काय वं? इथं सारेच काढतात,” काका म्हणाले. मग मी डोळे मिटले, रोजचा रस्ता आठवला, आणि म्हटलं, “काका, तोंडानं नाही जमत. पण टिनाच्या डब्यात फुटाणे, चणे घालून डबा हालवला की कसं वाजतं? तसं.”

काकांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांच्या ओळखीच्या माणसाचा निरोप आणला होता. “चणे,” ते म्हणाले. “बरोबर. ठोकल्यासारखा जाड आवाज असता ना, तर मी म्हणलो असतो इंजिन खोला. चणे म्हणजे पेट्रोल वेळेच्या आधी पेटून राहिलं. आत हातोडी नाही, ठिणगीची घाई आहे. चाल, गाडी काढ.”

काका कुणाची गाडी स्वतः चालवत नसत. ज्याची गाडी त्यानंच चालवायची. ते चपला काढून मागच्या सीटवर, चालवणाऱ्याच्या बरोब्बर मागं बसत. दोन्ही तळवे खाली टेकवलेले, काच पूर्ण खाली, डोळे मिटलेले. “पुढं बसलं की डोळे रस्ता पाह्यतात अन् कान सुटी घेतात. अर्धा आवाज तर पायानंच ऐकू येते,” असं त्यांचं म्हणणं. आणि प्रत्येक गाडीला ते सेमिनरी हिल्सच्या चढावर नेत. तेही रविवारी, सकाळी सातला. त्या वेळी रहदारी नाही, हॉर्न नाहीत. त्यांना शांतता लागे.

त्या चढावर मी चौथ्या गिअरमध्ये तशीच रेटत गेले. बारीक चणे वाजले.

“थांबव. आता हाच चढ, तिसऱ्यात.”

खूप कमी वाजले.

“पाठीवर पोतं देऊन पळ म्हणून राहिली तू तिले,” काका म्हणाले. “आठ दिवस चढावर गिअर खाली घे. अजून काही करायचं नाही.”

“पण काका, थोडा येतोच आहे की आवाज.”

“येऊ दे. पुढच्या रविवारी पाहू.”

पुढच्या रविवारी त्यांनी पेट्रोलचा पंप बदलायला सांगितला. टाकी रिकामी होत आणायची, मग दुसऱ्या पंपावर भरायची. आठवडाभर काही फरक पडला नाही. मी वैतागून तसं सांगितलं तर काका उलट खूश. “म्हणजे पेट्रोलचा दोष नाही, हे तर समजलं! चांगली गोष्ट आहे ना!” तिसऱ्या रविवारी चादर अंथरून त्यांनी स्पार्क प्लग काढले. आधीच्या मालकानं दुसऱ्याच नंबरचे बसवले होते. काकांनी बरोबर नंबरचे लावले. चढावर गेलो. चौथ्या गिअरमध्येसुद्धा एक चणा वाजला नाही.

“झालं,” काका म्हणाले.

मी घरी येऊन आईला म्हटलं, पेटी माळ्यावर ठेव. मुलगी पेटीवर चढून नाचली.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी दुपारी परत येताना, उन्हात, गावाबाहेरच्या चढावर मी ट्रकच्या पुढं निघायला गेले आणि डबाभर चणे वाजायला लागले. आधीपेक्षा जास्त. मी गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मग काकांना फोन लावला, आणि जे बोलू नये ते बोलले.

“काका, तुम्हाला समजत नसेल तर तसं सांगा ना. पंधरा दिवस झाले. मला एक तारखेला काय ते ठरवायचं आहे. माझी पोरगी...”

मला वाटलं, आता ते फोन ठेवतील. सत्तर वर्षांच्या माणसाला मी असं बोलले होते, ज्यानं माझ्यासाठी तीन रविवार घातले होते.

“नाही समजलं मले,” काका म्हणाले. अगदी साध्या आवाजात. राग नाही, लाज नाही. “तू किती वाजता जातं कामाले?”

“साडेसातला निघते.”

“उद्या मी येतो तुझ्यासंगं. दिवसभर.”

या माणसाबद्दल मी पुढं पुष्कळांना सांगितलं, आणि प्रत्येक वेळी लोकांना त्यांचे कान आवडले. मला मात्र तो फोन आठवतो. मी प्रयोगशाळेत काम केलेलं आहे. चुकलेला रिपोर्ट दुसऱ्याच्या माथी मारणारे, नमुनाच खराब होता म्हणणारे मी पाहिले आहेत, आणि एखाद्या वेळी मीही ते केलं आहे. ‘मला समजलं नाही’ हे चार लोकांसमोर म्हणायला माझी जीभ अजून जड होते. काकांची झाली नाही.

आता ते अमरावतीला मुलीकडं राहतात. गल्लीतलं दुकान बंद केलं, सायकल सोबत नेली. मी महिन्या-दोन महिन्यांनी फोन करते. मागच्या वेळी म्हणाले, मुलीच्या घरचं मिक्सर वाजते, सध्या तिसरा आठवडा सुरू आहे. मागून काकूंचा आवाज आला, “चटणी पाट्यावर वाटून राहिली मी तीन आठवड्यांपासून, ते पण सांगा!” दोघंही हसत होते. नव्या गाड्यांमध्ये बारीकसं यंत्र असतं, ते चणे वाजायच्या आतच ठिणगी मागं घेतं, असं मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, “मले माहीत आहे. चांगलं यंत्र आहे. त्याले शर्ट धुवा लागत नाही.”

तर तो मंगळवार.

काका सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी आमच्या फाटकाशी उभे होते. पांढरा शर्ट, पिशवी, आणि काकूंनी दिलेला डबा. चपला काढून मागं बसले, काच खाली केली, डोळे मिटले. जाताना गाडी गुपचूप गेली. एक आवाज नाही. मला शरम वाटायला लागली. पेशंटला दवाखान्यात नेलं की ताप उतरावा, तसं झालं.

दिवसभर ते रुग्णालयाच्या आवारात बाकावर बसून होते. जेवणाच्या सुटीत मी गेले तेव्हा रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर त्यांना स्वतःच्या गाडीचा आवाज काढून दाखवत होता आणि बाळंतपणासाठी आलेल्या बायांचे नातेवाईक भोवती गोळा झाले होते.

तीन वाजता आम्ही निघालो. ऊन असं की स्टिअरिंगला हात लागत नव्हता. गाव संपलं की कापसाचं जिनिंग लागतं. सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधण्याचा कारखाना. हंगाम संपत आला होता, तरी कापसाच्या गाड्यांची रांग होतीच. त्यापुढं चढ. मी तिसरा गिअर टाकला, पाय दाबला.

चणे. भरपूर.

“हेच ते,” मागून काका म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. “आता मले सांग, इंजिनच्या गरमीची सुई कुठं आहे?”

“मध्याच्या थोडी वर. दुपारी तिथंच असते.”

“अन् सकाळी?”

“मध्याच्या खाली.”

काकांनी डोळे उघडले. आरशात मला दिसलं. काच खाली होती ना, जिनिंगवरून येताना हवेत उडणारी रुई आत आली होती. काकांच्या भुवयांवर पांढरे पुंजके बसले होते. त्यांनी एक पुंजका चिमटीनं काढला, डोळ्यांसमोर धरला, आणि पाहत राहिले.

“किती महिने झाले तू या रस्त्यानं जाऊन राहिली?”

“दिवाळीपासून. रोज दोनदा.”

“थांबव गाडी.”

चढाच्या माथ्यावर एक पंक्चरचं दुकान होतं, पत्र्याचं शेड, बाहेर पाण्याचं टाकं. तिथं सावलीत गाडी लावली. काकांनी बॉनेट उघडलं. समोरून जाळी स्वच्छ दिसत होती, मी दर रविवारी पुसायचीच. पण एसीची जाळी पुढं आणि इंजिनाला थंड ठेवणारा रेडिएटर तिच्यामागं, दोन्हींच्या मधात बोटभर फट. काकांनी टॉर्च पाडला. मग बाही वर सारून हात खाली घातला, चाचपडले, आणि ओढलं.

बाहेर आला तो तळहाताएवढा तुकडा. करडा, जाड, दाबून दाबून बसलेला. धूळ आणि रुई मिळून घोंगडीसारखा नमदा तयार झाला होता. त्यांनी पुन्हा हात घातला, पुन्हा तेवढाच तुकडा. पंक्चरवाला उठून पाहायला आला.

“बाप्पा,” काका म्हणाले. “रजई शिवली आहे इनं! भर उन्हाळ्यात गाडीले रजई पांघरून चालवून राहिली तू, पोरी!”

मला हसू आलं आणि रडूही आलं.

“हवा लागत नाही, म्हणून इंजिन तापते. तापलं की पेट्रोल ठिणगीची वाट पाह्यत नाही, आपल्या मनानं पेटते. तेच चणे.” मग ते जरा थांबले. “अन् मी तिले दर खेपेस सकाळी सातला ऐकत होतो. मस्त थंड हवेत. तिचं दुखणं दुपारचं. मले शांतता पायजे होती ना, म्हणून. तीन रविवार वाया गेले तुझे, ते माझ्यामुळं.”

“काका, प्लगही चुकीचे होतेच ना.”

“होते. म्हणूनच तर फसलो.”

इंजिन थंड होईपर्यंत तासभर थांबलो. तापलेल्यावर काका पाणी घालू देईनात. मग पंक्चरवाल्याची नळी घेऊन, धार अगदी हलकी ठेवून, काका आतल्या बाजूनं बाहेर पाणी सोडत राहिले. “जोरात मारलं तर या पातळ पट्ट्या वाकतात, मंग जन्मभर हवा जात नाही.” खालून आधी काळं, मग करडं, मग दुधासारखं, आणि शेवटी स्वच्छ पाणी वाहायला लागलं. मी बोटांनी नमद्याचे तुकडे वेचत होते. शेवटी काका सरळ उभे राहिले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या पुढच्या बाजूवर कोपरापासून पोटापर्यंत काळा चिखल होता. त्यांनी खाली पाहिलं. “धुतला की जाते,” म्हणाले.

ऊन अजून होतं. काकांनी मला गाडी उलट वळवायला लावली, खाली जिनिंगपर्यंत नेली, आणि पुन्हा तोच चढ. “तिसऱ्यात नाही. चौथ्यात. तुझ्या जुन्या सवयीनं.”

मी पाय दाबला. इंजिन घुमलं, टायर घासले, वारा आला. बाकी काही नाही.

“पुन्हा एकदा,” काका म्हणाले.

पुन्हा खाली, पुन्हा वर. काही नाही. सुई मध्याच्या खाली चिकटून बसलेली. पंक्चरवाल्यानं आम्ही तिसऱ्यांदा समोरून गेलो तेव्हा हात हलवला.

“उद्या दुपारी परत पाह्यजो,” काका म्हणाले. “अन् हंगामात महिन्यातून एकदा तिथं टॉर्च मारून पाह्यत जा. एक दिवस चालली म्हणून दुरुस्त झाली म्हणायचं नसते. मी कालच शिकलो.”

आम्ही नागपूरच्या रस्त्याला लागलो. पाच वाजत आले होते. मी आईला फोन करून सांगितलं, उशीर होईल, पण येते. शेतांत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून ढीग घातलेले होते, आणि मला एकदम लक्षात आलं की या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते मी महिनाभर पाहिलंच नव्हतं. मी फक्त ऐकत होते.

पुढं एक लांबलचक चढ होता. मी मुद्दाम थोडा वेग वाढवला. माझ्या कानाला तरी काही लागलं नाही. पण माझ्या कानांवर माझा भरवसा नव्हता.

“काका, येतो का हो काही आवाज?”

उत्तर नाही. मी आरशात पाहिलं. एकाग्र झाले असतील तर त्यांना बोललेलं चालत नसे.

काकांची मान उजवीकडं कलली होती. तोंड किंचित उघडं. चिखल वाळलेला शर्ट शांतपणे वर-खाली होत होता. ते गाढ झोपले होते.

मी बटण दाबून त्यांच्या बाजूची काच वर केली. नागपुरात शिरल्यावर सीताबर्डीच्या गर्दीतून महालात जायचा सरळ रस्ता होता, पण तिथं हॉर्नच हॉर्न. मी बाहेरून, लांबच्या, मोकळ्या रस्त्यानं गाडी घेतली, आणि सिग्नलवर ब्रेकसुद्धा इतका हळू लावला की मागच्यांनी काय म्हटलं असेल ते म्हटलं असेल.